पेट्या, आल्तार आणि गाव : मुंबईतील गोवेकरांच्या ‘कुडीं’चा इतिहास

१/२४
मुंबईत धोबीतलावाच्या चौकात जेर महल नावाची जुनी इमारत उभी आहे. खाली दुकाने, रस्त्यावर अखंड वर्दळ. वरच्या मजल्यांवर मात्र एक वेगळेच जग आहे. दारांवर गोव्यातील एकेका गावाचे नाव आणि त्यासोबत त्या गावाच्या संताचे नाव. आत एका भिंतीशी आल्तार म्हणजे वेदी, आणि बाकी भिंतींना लागून ओळीने मांडलेल्या पेट्या. या खोल्यांना ‘कूड’ म्हणतात. त्यांचा इतिहास म्हणजे मुंबईत राबायला आलेल्या हजारो ख्रिस्ती तरुणांचा इतिहास.
#थ्रेड

२/२४
कोंकणीत ‘कूड’ म्हणजे खोली. शरीरालाही कोंकणीत हाच शब्द आहे. कागदोपत्री या संस्था ‘क्लब’ म्हणवतात, पण क्लब म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येते त्याच्याशी त्यांचे काही नाते नाही. एका गावच्या पुरुषांनी वर्गणी काढून शहरात भाड्याने घेतलेली, स्वतः नेमलेल्या समितीकडून चालवलेली आणि गावच्या संताच्या नावाने ओळखली जाणारी सामाईक निवासाची जागा, अशी कुडीची साधी व्याख्या करता येईल.

३/२४
कुडीकडे वळण्यापूर्वी एक तुलना आवश्यक आहे. घर सोडून शहरात आलेल्या एकट्या तरुणाचे काय करायचे, हा एकोणिसाव्या शतकातील सर्वच मोठ्या शहरांपुढचा प्रश्न होता. लंडनमध्ये कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या जॉर्ज विल्यम्सने १८४४ साली आपल्या सोबत्यांसह ‘यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ म्हणजे वायएमसीए स्थापन केली, ती याच प्रश्नातून. १८७५ साली तिची शाखा मुंबईतही सुरू झाली.

४/२४
परंतु गोव्याहून आलेल्या स्वयंपाक्याला किंवा खलाशाला ही संस्था जवळची वाटण्याचे कारण नव्हते. तिचा पाया प्रॉटेस्टंट, व्यवहार इंग्रजीत. हा तरुण कॅथलिक आणि कोंकणी बोलणारा. पुढे १९२० साली रोमच्या ‘होली ऑफिस’ने वायएमसीएसारख्या संस्थांपासून कॅथलिक तरुणांना दूर ठेवावे, असा इशाराच बिशपांना दिला. तोवर गोवेकरांनी स्वतःचे उत्तर कधीच शोधले होते. त्यासाठी त्यांना ना मिशनरी लागला, ना दाता.

५/२४
मुळात हे तरुण गाव का सोडत होते? बारदेश, सासष्टी आणि तिसवाडी हे गोव्यातील ‘जुन्या काबिजादी’चे तालुके. तेथील गावाची सामाईक जमीन गांवकारीच्या म्हणजे ‘कोमुनिदाद’च्या हाती असे. तिच्या उत्पन्नातील वाटा मूळ गांवकारांच्या पुरुष वंशजांना मिळे. ज्याचे पूर्वज गांवकार नव्हते त्याला हा वाटा नव्हता. शिवाय अनेक कुटुंबे भाटकाराच्या जमिनीवर मुंडकार म्हणून राहत आणि त्याच्या मर्जीवर जगत. लोकसंख्या वाढत होती. जमीन आणि रोजगार वाढत नव्हते.

६/२४
नेपोलियनच्या युद्धांच्या काळात, १७९९ ते १८१३ या दरम्यान, ब्रिटिश सैन्याचा गोव्यात तळ होता. इंग्रज अधिकाऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या गोवेकरांची ओळख तेथून घट्ट झाली. गोव्यातील ख्रिस्ती माणसाला गोमांस, डुक्कर वा मद्य हाताळण्यास आडकाठी नव्हती. चर्चच्या शाळेत शिकल्यामुळे अनेकांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येई, व्हायोलिन वाजवता येई. खानसामा, बटलर, शिंपी, बँडवाला, बोटीवरचा स्टुअर्ड या कामांत गोवेकर दिसू लागले ते यामुळे.

७/२४
मुंबईला यायचे तर आगबोट होती. १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाट चढून ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जोडणारा लोहमार्गही झाला. सुटणारी प्रत्येक बोट आणि गाडी गावातील काही तरुण घेऊन जात होती. गावात त्यांना नवे नाव मिळाले, ‘बोंबयकार’. मुंबईत मात्र त्यांना चिडवण्यासाठी ‘माकापाव’ हा शब्द रूढ झाला. एकाच माणसाला गावात मान होता आणि शहरात टोमणा.

८/२४
शहरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न निवाऱ्याचा. हातात पैसा नाही, ओळख सांगणारा कोणी नाही, आणि कायद्याने तो पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन, म्हणजे मुंबईत परका. धर्मबंधूंचा आधार मिळेल म्हणावे तर तेही सोपे नव्हते. मुंबई, साष्टी, वसई येथील मूळचे मराठीभाषक कॅथलिक आणि नव्याने येणारे गोवेकर यांच्यात नोकऱ्यांची चुरस होती. स्थानिकांनी १८८७ साली ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन केली. ‘पोर्तुगीज’ म्हणवल्या जाणाऱ्या गोवेकरांपेक्षा आपण वेगळे, हे ठसवणे हाही त्या नावामागचा एक हेतू होता.

९/२४
अशा वेळी माणसाच्या हाती एकच भांडवल उरते, ते म्हणजे गाव. एका गावचे पाच-दहा जण मिळून खोली घेत. मागून येणारा गाववाला तेथेच उतरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा खोल्यांना संस्थेचे रूप आले. धोबीतलाव, कॅव्हेल, डाबूल, माझगाव या भागांत, चर्चच्या आसपास, त्या वाढत गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली होती.

१०/२४
कुडीतील सदस्याची खरी मालमत्ता म्हणजे त्याची पेटी. ती भिंतीशी ठेवण्याइतकी जागा त्याची. कपडे, कागदपत्रे, बचत आणि घरच्यांसाठी घेतलेल्या वस्तू त्या पेटीत राहत. रात्री चटई अंथरायची, सकाळी गुंडाळायची. माणूस बोटीवर गेला तरी पेटी खोलीतच राही. तो परत येईपर्यंत ती कुलूपबंद पेटीच त्याची हजेरी लावी. शहरात त्याचा पत्ता म्हणजे ही पेटी आणि तिच्या भोवतालची दोन हात जमीन.

११/२४
खोलीचे दुसरे केंद्र म्हणजे आल्तार. संध्याकाळी ठरलेल्या वेळी सारे जमून ‘तेर्स’ म्हणत. तेर्स म्हणजे जपमाळेची सामूहिक प्रार्थना. तिला हजर राहणे बहुतेक कुडींत नियमाचा भाग होते. गावच्या संताचे फेस्त आले की ‘लादाइन’ होई आणि उकडलेले चणे वाटले जात. गावात चर्चची घंटा ज्या दिवशी वाजे, त्याच दिवशी मुंबईतल्या चौथ्या मजल्यावरील खोलीतही मेणबत्त्या पेटत. अंतर होते, पण पंचांग एकच होते.

१२/२४
कारभाराची पद्धत लक्षणीय होती. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि समिती सदस्यांतून निवडली जाई. वर्गणी, हिशेब, सर्वसाधारण सभा, लेखी नियम असा सगळा व्यवहार असे. खोलीत दारू नको, बाई नको, भांडण नको, हे सर्वसाधारण नियम. यात युरोपीय क्लबाची छाया आहेच. पण गावच्या गांवकारीची आठवण त्याहून अधिक आहे. सामाईक मालमत्ता, वंशाने किंवा गावाने ठरणारे सदस्यत्व आणि बैठकीत घेतलेला निर्णय ही सारी जुनीच चौकट होती.

१३/२४
कुडीचे अर्थकारण सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘तारवटीं’च्या, म्हणजे दर्यावर्दी गोवेकरांच्या बाबतीत. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर भटारखाना आणि प्रवाशांची सेवा यांत गोवेकरांचा मोठा भरणा होता. काम कराराचे असे. करार संपला की पगार थांबे आणि पुढची बोट मिळेपर्यंत आठवडे, कधी महिने मुंबईत काढावे लागत. भाड्याच्या घरात राहून एवढा काळ वाट पाहिली असती तर कमावलेले सारे तेथेच संपले असते. कुडीची अल्प वर्गणी ही त्या रिकाम्या महिन्यांवरची तोड होती.

१४/२४
म्हणूनच कूड ही धर्मशाळा नव्हती. कोणत्या बोटीवर भरती निघाली, कोणत्या साहेबाला स्वयंपाकी हवा, कोणता दलाल पैसे खातो ही माहिती तेथे फिरे. आजारी सदस्याची देखभाल, मृताचे दफन, अडलेल्याला उसनवारी ही कामेही अनेक कुडी करत. गावी जाणाऱ्याच्या हाती पैसे आणि निरोप धाडले जात. गावातील चर्चच्या डागडुजीला, फेस्ताच्या खर्चाला मुंबईच्या कुडीतून वर्गणी जाई. बँक, टपाल, रोजगार केंद्र आणि विमा यांचे काम पेट्यांच्या एका ओळीने केले.

१५/२४
मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. गिरणगावातही कोकणातील आणि घाटावरील गावांच्या सामाईक खोल्या होत्या. पाळीपाळीने झोपणारे कामगार, खानावळ, गावकीची वर्गणी, गणपतीला गावी जाणारी गर्दी ही सगळी त्याच व्यवस्थेची मराठी रूपे होत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, धंदा वेगळा. पण भांडवल नसलेल्या स्थलांतरिताने महागड्या शहरावर काढलेला तोडगा एकच. मुंबई गिरण्यांनी आणि गोद्यांनी उभी केली हे खरे. त्या कामगारांना रात्री पाठ टेकायला जागा मात्र गावांनी पुरवली.

१६/२४
येथवरची कथा ऐकून कूड म्हणजे बंधुभावाचा आदर्श वाटेल. तसे चित्र रंगवणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. गाव शहरात आले तेव्हा गावाच्या भिंतीही सोबत आल्या. धर्मांतरानंतरही गोव्यातील ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर असे भेद टिकून होते; चर्चमधील ‘कॉन्फ्रारी’ म्हणजे धार्मिक बंधुमंडळेही त्यानुसार विभागलेली असत. हाच भेद कुडींतही उतरला. काही गावांच्या मुंबईत एकाहून अधिक कुडी झाल्या, त्याचे एक कारण जात हे होते. एकाच संताची प्रार्थना दोन खोल्यांत वेगवेगळी होई.

१७/२४
दुसरी भिंत स्त्रियांसाठी होती. गोव्याच्या ख्रिस्ती स्त्रियाही मुंबईत कामाला येत. साहेबांच्या घरी आया म्हणून त्यांना मागणी होती. परंतु बहुतेक कुडींत त्यांना प्रवेश नव्हता. नोकरी सुटली की पुरुषाला पेटी ठेवण्याची जागा होती. स्त्रीला मालकाचे घर किंवा नातेवाइकांचा आसरा, एवढेच. गावात मागे राहिलेली पत्नी तर या व्यवस्थेची न मोजलेली सदस्यच होती. शेत, मुले आणि सासू-सासरे ती सांभाळत होती, म्हणूनच तो मुंबईत एका चटईवर भागवू शकत होता.

१८/२४
तरीही या एकट्या पुरुषांच्या मुंबईतून एक अनपेक्षित गोष्ट जन्माला आली, ती म्हणजे ‘तियात्र’. १७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार. त्या दिवशी मुंबईत ‘इटालियन भुरगो’ हे कोंकणी नाटक रंगभूमीवर आले. आसगावचे लुकाझिन्यु रिबेरो यांनी मुंबईत आलेल्या इटालियन ऑपेरा मंडळीसोबत काम केले होते. तेथे पाहिलेल्याचे त्यांनी कोंकणीत रूपांतर केले. आज गोव्यात घरोघर पोहोचलेल्या या नाट्यप्रकाराचा वाढदिवस १७ एप्रिललाच साजरा होतो. त्याचे जन्मस्थान मात्र मुंबई आहे.

१९/२४
‘पाय तियात्रीस्त’ म्हणजे तियात्राचे जनक म्हणून गौरवले जाणारे जुआंव आगुस्तीन फर्नांडिस (१८७१-१९४७) हेही मुंबईतच घडले. ‘बेल द कावेल’ या त्यांच्या नाटकाच्या नावातच मुंबईची कॅव्हेल वस्ती आहे. त्यांच्या ‘बाटकारा’ (१९०४) या नाटकाचा विषय भाटकाराचा जुलूम हा होता. त्याच नाटकात त्यांच्या पत्नी रेजिना फर्नांडिस रंगमंचावर उभ्या राहिल्या. तियात्रातील त्या पहिल्या स्त्री कलाकार मानल्या जातात.

२०/२४
या घटनेचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. गावात भाटकारासमोर मान खाली घालणारा मुंडकाराचा मुलगा मुंबईत तिकीट काढून भाटकाराची नक्कल पाहत होता आणि हसत होता. हा धीर त्याला कोठून आला? येथे त्याच्या डोक्यावरचे छप्पर भाटकाराचे नव्हते. कुडीने जातीची भिंत जपली, पण त्याच कुडीने जमीनदाराच्या छपरातून माणूस बाहेर काढला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांपैकी एकच सांगणे म्हणजे अर्धा इतिहास सांगणे होय.

२१/२४
छापील कोंकणीचेही असेच झाले. ‘उदेंतेचें साळक’ हे कोंकणीतील पहिले नियतकालिक १८८९ साली एदुआर्द ब्रुनो द सौझा यांनी काढले, ते गोव्यात नव्हे तर पुण्यात. गोव्यात शासनाची भाषा पोर्तुगीज आणि कोंकणीला फारशी प्रतिष्ठा नव्हती. रोमी लिपीतील कोंकणीला तिचा वाचक आणि प्रेक्षक मिळाला तो पुणे-मुंबईच्या श्रमिक गोवेकरांत. पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी जे स्थान मिळवले, त्यामागेही चर्चच्या शाळेतील स्वरलिपी आणि मुंबईतील गाववाल्यांचा आधार होता.

२२/२४
विसाव्या शतकाने या व्यवस्थेची दोनदा कसोटी घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांनी बुडवलेल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर गोवेकर तारवटीही होते. कित्येक पेट्यांचे मालक परतलेच नाहीत. नंतर गोवामुक्तीचा लढा तीव्र झाला आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. सीमा बंद झाली, गाड्या थांबल्या, पैसे पाठवणे अवघड झाले. पोर्तुगीज पारपत्र बाळगणारा, भारतात कमावणारा आणि गोव्यात कुटुंब असणारा माणूस नेमका कोणाचा, हा प्रश्न तेव्हा कुडीतील प्रत्येकापुढे उभा राहिला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मिळाले.

२३/२४
यानंतर उतरती कळा लागली. प्रवासी बोटींची जागा विमानांनी घेतली, आखाती देशांत नवे रोजगार निघाले, शिक्षित तरुण कुटुंबासह उपनगरांत राहू लागला. कुडीत माणसे कमी झाली आणि जागेची किंमत मात्र वाढत गेली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुनी भाडी नाममात्र राहिली. दक्षिण मुंबईतील जमीन सोन्याच्या भावाची झाली. काही कुडी बंद पडल्या, काहींनी बाहेरच्यांना जागा दिली, काही विकल्या गेल्या. उरलेल्यांपुढे प्रश्न आहे : गावाच्या नावावर असलेली खोली विकण्याचा अधिकार कोणाला? आज तेथे राहणाऱ्या चार जणांना, समितीला, की ज्यांच्या आजोबांनी वर्गणी भरली त्या साऱ्या गावाला?

२४/२४
वायएमसीएचा इतिहास अहवालांत, छायाचित्रांत आणि मोठ्या इमारतींत जतन झाला. तिच्यामागे जागतिक संघटना होती. कुडीचा इतिहास तिच्या नोंदवह्यांत आहे. कोण कधी आला, कोणत्या बोटीवर गेला, किती वर्गणी थकली, कोण मेला, फेस्ताला किती चणे लागले, हे सारे तेथे आहे. एखादी कूड विकली जाते तेव्हा मजला नव्या मालकाला मिळतो आणि या वह्या रद्दीत जातात. श्रमिकांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला इतिहास मुळात दुर्मिळ. खोल्यांचे काय व्हायचे ते गावे ठरवतील. निदान पेट्यांसोबत त्या वह्या तरी खाली उतरवल्या जाव्यात.